विश्लेषण : रस्ता एक, हद्दी अनेक… हिंजवडीत तुंबलेले पाणी नेमके कोणाचे?

पावसाळा सुरू झाला की हिंजवडीतील तुंबलेल्या रस्त्यांचे व्हिडीओ मोबाइलवर फिरू लागतात. पाठोपाठ एक ठरलेले उत्तर येते, ‘हा भाग आमच्या हद्दीत नाही.’ गेल्या काही वर्षांत पुणे शहर चारही बाजूंनी वाढले. पण त्या वाढीचे नियोजन करणाऱ्या यंत्रणा आपापल्या रेषेच्या आतच राहिल्या. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने हिंजवडीतील कामांच्या समन्वयाची जबाबदारी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, म्हणजेच पीएमआरडीएच्या आयुक्तांकडे सोपवली. त्याच वर्षी या प्राधिकरणाचा प्रारूप विकास आराखडा रद्द झाला. समन्वयाला अधिकारी मिळाला, पण कशाच्या आधारे समन्वय करायचा तो कागद गेला. हद्दीपलीकडचे नियोजन म्हणजे काय, राज्यघटनेत त्याची कोणती तरतूद आहे आणि ती अडते कुठे, याचा आढावा.

हिंजवडीत नेमक्या किती यंत्रणा?

राजीव गांधी आयटी पार्क एमआयडीसीने वसवला. त्यामुळे आयटी पार्कमधील अंतर्गत रस्ते आणि भूखंड एमआयडीसीकडे आहेत. भोवतालच्या हिंजवडी, माण, मारुंजी या गावांत आजही ग्रामपंचायत आहे. गावठाणातील पाणी, कचरा आणि दिवाबत्ती तिच्याकडे. एमआयडीसीच्या क्षेत्राबाहेर उंच इमारतीला बांधकाम परवानगी मिळते ती पीएमआरडीएकडून. माण ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रोचे काम पीएमआरडीए खासगी भागीदारीतून करून घेत आहे. वाकडकडे निघालात की पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द लागते. वाटेतला मुंबई-बंगळूरु महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषदेचे, वाहतूक नियमन पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाचे आणि बस पीएमपीची.

यातील प्रत्येक यंत्रणेने आपले काम चोख केले तरी पाणी तुंबू शकते. डोंगराकडून येणारा ओढा या सगळ्या क्षेत्रांतून वाहतो. वरच्या बाजूला एका यंत्रणेच्या परवानगीने बांधकाम होते, मधल्या टप्प्यात दुसऱ्या यंत्रणेच्या रस्त्याखाली नळकांडी बसते आणि खालच्या बाजूला तिसरीकडे ओढ्याचे पात्र अरुंद होते. संपूर्ण ओढ्याचा नकाशा समोर ठेवून किती पाणी येणार, ते कुठून जाणार, हे ठरवणे कोणा एकाचे काम नसते. आणि जे कोणाचेच काम नाही, ते होत नाही.

हद्द ओलांडली की काय बदलते?

समजा, तुम्ही बालेवाडीत राहता आणि हिंजवडीत नोकरी करता. मालमत्ता कर पुणे महापालिकेला भरता. कामाला जाताना पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतून जाता. दिवसाचे नऊ-दहा तास ज्या गावात घालवता, तेथे तुमचे मत नाही. कोंडी सुटावी म्हणून तुम्ही तुमच्या नगरसेवकाकडे गेलात, तर हिंजवडी त्यांच्या अखत्यारीत नाही. हिंजवडीच्या सरपंचांकडे गेलात, तर तुम्ही त्यांचे मतदार नाही. शिवाय काही लाख लोकांची ये-जा पेलणारे रस्ते बांधणे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलेही नाही.

याच भागातील मुळा नदीवरचा वाकड-बालेवाडी पूल हे बोलके उदाहरण आहे. नदीच्या एका काठावर पिंपरी-चिंचवड महापालिका, दुसऱ्या काठावर पुणे महापालिका. पूल उभा राहिला. मात्र बालेवाडीच्या बाजूच्या जोडरस्त्याचे भूसंपादन रखडल्याने तो वर्षानुवर्षे वापराविना पडून राहिला. अभियांत्रिकीच्या दृष्टीने अवघड काम होते पुलाचे, ते झाले. अडला तो त्यापुढचा थोडासा रस्ता.

नदीचे काय?

हद्दीचा प्रश्न नदीइतका स्पष्ट कुठेच दिसत नाही. इंद्रायणी लोणावळ्याजवळ उगम पावते. लोणावळा नगरपरिषद, मावळातील गावे, देहू नगरपंचायत, पिंपरी-चिंचवड महापालिका आणि आळंदी नगरपरिषद असा प्रवास करत ती तुळापूरला भीमेला मिळते. वाटेत काही ठिकाणी एका काठावर महापालिका आणि समोरच्या काठावर ग्रामपंचायत आहे. महापालिकेने आपल्या बाजूचे सांडपाणी अडवले, पण वरच्या गावांचे आणि कारखान्यांचे थेट नदीत आले, तर उपयोग शून्य. आळंदीत घाटावर पांढरा फेस दिसला की बातमी आळंदीची होते. प्रदूषण मात्र आळंदीत पोहोचण्याआधीच नदीत मिसळलेले असते. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे उभारण्याची ऐपत सर्वांत कमी असलेल्या छोट्या नगरपरिषदेला संपूर्ण नदीचा भार सोसावा लागतो.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तेथून उजनी धरणात जाते. म्हणजे पुणे महानगराच्या नियोजनाची झळ थेट सोलापूर जिल्ह्यापर्यंत पोहोचते.

गावे महापालिकेत घेतली की प्रश्न सुटतो?

हा सर्वांत लोकप्रिय उपाय आहे. हिंजवडी, माण, मारुंजी, जांबे, नेरे, सांगवडे आणि गहुंजे ही सात गावे पिंपरी-चिंचवड महापालिकेत घेण्याचा प्रस्ताव २०१५ पासून चर्चेत आहे. २०२५ च्या पावसाळ्यात आयटी कर्मचाऱ्यांनी या मागणीसाठी ऑनलाइन मोहीमही राबवली. मागणी समजण्यासारखी आहे. निदान तक्रार कोणाकडे करायची, हे तरी ठरेल. पण पुण्याचा अनुभव सावध करणारा आहे.

पुणे महापालिकेत १९९७ मध्ये ३८ गावे आली. विरोधानंतर त्यातील काही वगळली गेली. २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये आणखी २३ गावे समाविष्ट झाली. महापालिकेचे क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेले आणि क्षेत्रफळात तिने मुंबईलाही मागे टाकले. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे पुन्हा बाहेर काढून त्यांच्यासाठी स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. नव्याने आलेल्या २३ गावांचे तर त्रांगडेच झाले. गावे महापालिकेत आली, पण त्यांच्या नियोजनाचे अधिकार राज्य सरकारने पीएमआरडीएकडे ठेवले. परवानगी एकाने द्यायची आणि त्या इमारतीला पाणी दुसऱ्याने पुरवायचे, अशी ही वाटणी होती.

त्याची किंमत काय असू शकते, हे जानेवारी २०२५ मध्ये दिसले. सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजेच जीबीएसचे रुग्ण आढळले. पुणे आणि परिसरातील संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला आणि काही रुग्ण दगावले. जवळपास निम्मे रुग्ण महापालिकेत नव्याने समाविष्ट झालेल्या गावांतील होते. संशयाची सुई पाण्याकडे वळली, तेव्हा या भागातील काही गावांना विहिरीचे पाणी शुद्धीकरण प्रकल्पाविना, केवळ क्लोरिन टाकून पुरवले जात असल्याचे समोर आले. खडकवासला धरण शेजारी, महापालिकेत समावेश होऊन साडेतीन वर्षे झालेली, तरी शुद्धीकरण केंद्रातून आलेले पाणी घरात नाही. नकाशावरची हद्द एका अधिसूचनेने हलते. जलवाहिनी टाकायला पैसा, जागा आणि बरीच वर्षे लागतात.

दुसरी अडचण मूलभूत आहे. हद्द कितीही पुढे ढकलली तरी तिच्यापलीकडे पुन्हा नवी वस्ती उभी राहते. आज हिंजवडी आत घेतली, तर दहा वर्षांनी हाच प्रश्न मुळशीतील पुढच्या गावात उभा राहील. हद्दवाढ हवी की नको, हा वेगळा वाद. हद्दीपलीकडच्या नियोजनाला ती पर्याय ठरत नाही.

राज्यघटना काय सांगते?

या प्रश्नाचे उत्तर तीस वर्षांहून अधिक काळ घटनेत लिहिलेले आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने घटनेत समाविष्ट केलेल्या अनुच्छेद २४३-झेडईनुसार दहा लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या प्रत्येक महानगर क्षेत्रात ‘महानगर नियोजन समिती’ असली पाहिजे. संपूर्ण महानगर क्षेत्राचा, म्हणजे महापालिका, नगरपरिषदा आणि ग्रामपंचायती मिळून सगळ्यांचा एकत्रित प्रारूप विकास आराखडा तयार करणे, हे तिचे काम. तो करताना कशाचा विचार करायचा, हेही घटनेने सांगितले आहे : स्थानिक संस्थांचे स्वतःचे आराखडे, जमिनीच्या वापराचे समन्वित नियोजन, पाणी आणि इतर नैसर्गिक साधनांचे वाटप, पायाभूत सुविधांचा एकात्मिक विकास आणि पर्यावरण रक्षण.

सर्वांत महत्त्वाची अट सदस्यांविषयी आहे. समितीचे किमान दोन-तृतीयांश सदस्य निवडून आलेले हवेत. तेही नगरसेवक आणि सरपंच यांच्यामधून, शहरी आणि ग्रामीण लोकसंख्येच्या प्रमाणात. म्हणजे नकाशावर रेघ ओढताना शहराबरोबर गावालाही मत असावे, हा हेतू. महाराष्ट्राने त्यासाठी १९९९ मध्ये स्वतंत्र कायदा केला. देशातील पहिली अशी समिती २००१ मध्ये कोलकात्यात स्थापन झाली.

मग पुण्यात गाडी अडली कुठे?

पुण्यात मार्च २०१५ मध्ये पीएमआरडीए स्थापन झाली. सहा हजार चौरस किलोमीटरहून मोठे क्षेत्र तिच्याकडे आले. त्यात हवेली, मावळ आणि मुळशी हे तालुके, तसेच भोर, दौंड, शिरूर, खेड, पुरंदर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांचे काही भाग आहेत. प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात आणि कारभार सनदी अधिकारी असलेले आयुक्त पाहतात.

प्राधिकरणाने जुलै-ऑगस्ट २०२१ मध्ये प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला. महानगर नियोजन समितीच्या ४५ पैकी ३० निवडून द्यायच्या जागांसाठी मतदान झाले ते नोव्हेंबर २०२१ मध्ये. म्हणजे आराखडा आधी आणि तो पाहणारी निवडून आलेली समिती नंतर. आराखड्यावर हजारो हरकती आल्या, सुनावण्या झाल्या. दरम्यान मार्च २०२२ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. नगरसेवकच नाहीत म्हटल्यावर नगरसेवकांमधून निवडून गेलेल्या सदस्यांचा आधारच डळमळीत झाला. समितीला डावलून आराखडा पुढे नेला जात असल्याचा आक्षेप घेत प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. अखेर २०२५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडा रद्द केला.

आणखी एक बाब फारशी चर्चेत आली नाही. हा आराखडा मंजूर झाला असता तरी तो ‘संपूर्ण महानगराचा’ नव्हता. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका आणि पुणे, खडकी, देहूरोड ही तीन कॅन्टोन्मेंट त्यात नव्हती. मेदूवड्यासारखा आकार : कडा आहे, मध्य रिकामा. पुणे महापालिकेच्या जुन्या हद्दीचा आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला, समाविष्ट गावांच्या आराखड्याची प्रक्रिया वेगळी, तर पिंपरी-चिंचवडने मे २०२५ मध्ये स्वतःचा प्रारूप आराखडा जाहीर केला. प्रत्येक आराखड्याची सुरुवात, मुदत आणि गृहीतके वेगळी. एका आराखड्यातील ३० मीटर रुंद रस्ता हद्दीवर येऊन दुसऱ्या आराखड्यात १८ मीटरचा होणार नाही, हे पाहण्यासाठी मध्ये कोणीतरी असावे लागते.

आराखडा रद्द झाल्याने सामान्यांना काय फरक पडतो?

प्राधिकरणाच्या ग्रामीण भागात १९९७ मध्ये मंजूर झालेला पुण्याचा प्रादेशिक आराखडा आधारभूत राहतो. हिंजवडीत आयटी पार्क आकाराला येण्यापूर्वी, स्मार्टफोन आणि ॲपवरच्या टॅक्सीच्या आधीच्या काळातला हा कागद आहे.

फटका दोन्ही बाजूंना बसतो. ज्या शेतकऱ्याच्या जमिनीवर आरक्षण पडले होते, त्याला दिलासा मिळाला. पण पुढच्या आराखड्यात काय होईल, हे ठाऊक नसल्याने त्याची टांगती तलवार कायम आहे. ज्याने कर्ज काढून गावाच्या हद्दीत सदनिका घेतली, त्याच्या सोसायटीसमोरचा रस्ता, शाळा आणि उद्यान यांची जागा राखीवच झालेली नाही. बांधकामे मात्र थांबलेली नाहीत. आज ज्या जागेवर इमारत उभी राहते, तेथे दहा वर्षांनी रस्ता आखायचा तर तोडफोड आणि नुकसानभरपाई आलीच. उशिरा झालेले नियोजन महाग पडते आणि तो खर्च शेवटी करदात्याच्या खिशातून जातो.

मुंबईत चित्र वेगळे आहे का?

काही प्रमाणात. मुंबईसाठीचे प्राधिकरण २६ जानेवारी १९७५ रोजी स्थापन झाले. आता एमएमआरडीए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेच्या क्षेत्रात मुंबईपासून पनवेलपर्यंत नऊ महापालिका आहेत आणि २०३६ पर्यंतचा प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये मंजूर झाला. म्हणजे संपूर्ण प्रदेशाचा एक नकाशा तरी आहे. मात्र तेथेही प्राधिकरणाची ओळख नियोजनापेक्षा मेट्रो आणि उड्डाणपूल बांधणारी संस्था अशीच अधिक झाली.

साधनांच्या वाटपाचा प्रश्न तर तेथे अधिक बोचरा आहे. तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहराबाहेर आहेत. त्याच शहापूर तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. ‘पाण्याचे वाटप’ हे शब्द घटनेतील अनुच्छेदात का आले असावेत, हे समजायला शहापूरचा मे महिना पुरेसा आहे.

पैशांचे गणित कसे बसवायचे?

हद्दीच्या भांडणाच्या मुळाशी बहुतेक वेळा महसूल असतो. उद्योग ज्याच्या हद्दीत, कर त्याचा. कामगारांची घरे, कोंडी आणि कचरा ज्याच्या हद्दीत, बोजा त्याचा. म्हणून कमावता भाग प्रत्येकाला हवा असतो आणि कचरा डेपो कोणालाच नको असतो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीकडे गेला, तेव्हा ही गावे महापालिकेत नव्हती.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने यावर १९७१ मध्ये कायद्याने एक तोडगा काढला. मिनियापोलिस-सेंट पॉल महानगरातील सात काउंटींमध्ये व्यापारी आणि औद्योगिक मालमत्तांच्या करपात्र मूल्यात जी वाढ होते, तिचा ४० टक्के हिस्सा एका सामाईक खात्यात जमा धरला जातो आणि लोकसंख्या व कर उभारण्याची क्षमता पाहून सर्व गावांत वाटला जातो. कंपनी कुठल्याही गावात आली तरी फायदा थोडाफार सगळ्यांनाच. त्यामुळे कंपनीसाठीची आपसातील ओढाताण कमी होते आणि ज्याच्या वाट्याला कमी उद्योग आले, त्याच्याकडेही गटारासाठी पैसा राहतो. हे सूत्र जसेच्या तसे इथे लागू होणार नाही. पण हिंजवडीतील उत्पन्नाचा काही भाग तेथील कर्मचारी जिथे राहतात त्या वाकड, बालेवाडीसाठी आणि वरच्या अंगाच्या गावांतील ओढ्यांसाठी वापरला जावा, ही कल्पना परकी वाटू नये.

एकत्र काम जमल्याचे उदाहरण आहे का?

आहे, आणि ते रोज रस्त्यावर धावते. पूर्वी पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी अशा दोन वेगळ्या बससेवा होत्या. २००७ मध्ये त्या एकत्र येऊन पीएमपीएमएल ही कंपनी झाली. पुण्याचा वाटा ६० टक्के, पिंपरी-चिंचवडचा ४० टक्के. कंपनीच्या तोट्यावरून, बसच्या संख्येवरून आणि ग्रामीण मार्गांचा खर्च कोणी द्यायचा यावरून वाद होतातच. पण निगडीहून स्वारगेटला जाणाऱ्या प्रवाशाला हद्दीवर बस बदलावी लागत नाही. वाटा ठरलेला, हिशेब लेखी आणि जबाबदार संस्था एकच, म्हणून हे जमले. ओढे, नदी आणि कचऱ्याबाबत असे सूत्र अजून ठरलेले नाही.

पुढे काय?

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये जानेवारी २०२६ मध्ये महापालिका निवडणुका झाल्या. जवळपास चार वर्षांनी नगरसेवक आले आहेत. त्यामुळे महानगर नियोजन समितीला पुन्हा खरे लोकप्रतिनिधी मिळण्याचा मार्ग मोकळा झाला आहे. समन्वयासाठी एक अधिकारी नेमणे हा तातडीचा उपाय म्हणून योग्यच. खड्डे बुजतील, अतिक्रमणे हटतील. पण अधिकाऱ्याची बदली होते. शिवाय त्याने घेतलेला निर्णय चुकला तर मतदाराला त्याला जाब विचारता येत नाही.

म्हणून येत्या काळात तीन गोष्टींकडे लक्ष ठेवावे लागेल. समितीच्या निवडून द्यायच्या जागा कधी भरल्या जातात? नवा आराखडा महापालिकांचे क्षेत्र जमेस धरतो, की पुन्हा मध्य रिकामाच राहतो? आणि तो मंजूर होईपर्यंत ओढे, नाले आणि प्रमुख रस्त्यांच्या जागा तरी बांधकाम परवानगीतून राखल्या जातात का? वाकडच्या नगरसेवकाला आणि माणच्या सरपंचाला एकाच टेबलावर, एकाच ओढ्याच्या नकाशासमोर बसवणारी व्यवस्था घटनेने दिली आहे. ती जोवर प्रत्यक्षात बसत नाही, तोवर तुंबलेल्या पाण्याची तक्रार एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहणार आणि पाणी आहे तिथेच साचणार.